डबा किती वाजता ठेवला होता?

फ्रीजचे दार उघडावे, डब्याचे झाकण काढावे, नाक जवळ न्यावे आणि "काही झालेलं नाही, चांगलं आहे" असा निकाल देऊन डबा गॅसकडे न्यावा, अशी आमच्या सोलापूरच्या घरात शिळ्या अन्नाची परीक्षा वर्षानुवर्षे चालत आली होती. परीक्षकाचा मान अर्थात सासूबाईंचा. वरण विटायच्या आधी तासभर त्यांना ते कळते, अशी त्यांच्या नाकाची ख्याती होती आणि त्यात फारसे खोटेही नव्हते. गेल्या वर्षी मे महिन्यात मात्र त्याच नाकाने पास केलेल्या भाताने मला आणि माझ्या नवऱ्याला दुपारभर मोरीपाशी बसवले. त्यानंतर मी या विषयावर जे काही वाचले, विचारले आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात करून पाहिले, ते येथे लिहून ठेवत आहे.

घडले ते असे. रात्री चार माणसे जेवायला येणार म्हणून मी भात जरा जास्तच लावला होता. पाहुण्यांनी भाकरी आणि शेंगाभाजीवर ताव मारला, भाताला कोणी फारसा हात लावला नाही. गरम पदार्थ फ्रीजमध्ये ठेवायचा नसतो, असे लहानपणापासून ऐकत आल्यामुळे मी कुकरचे भांडे ओट्यावरच झाकून ठेवले. साडेदहाला वीज गेली, घरात बसवेना, तेव्हा आम्ही गाद्या उचलून गच्चीवर गेलो आणि भाताची आठवण झाली ती थेट सकाळी साडेसहाला. झाकण काढले तर भात पांढरा, मोकळा, शीत न् शीत वेगळे. बोटाने दाबून पाहिला तर चिकट लागला नाही, तार सुटलेली नव्हती आणि आंबूस वासही नव्हता. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "फ्रीजात ठेव गं, दहाला फोडणी घालू." दहाला कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता आणि हळद घालून तो चांगला परतला, वर झाकण ठेवून वाफ आणली आणि आम्ही दोघांनी ताटभर खाल्ला. साडेबाराच्या सुमारास नवऱ्याला आणि एकच्या सुमारास मला उलट्या सुरू झाल्या. सासूबाई नेहमीप्रमाणे कडक भाकरी दह्यात कुस्करून जेवल्या होत्या, त्यांना काहीच झाले नाही.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "कालचा भात होता का?" आणि दुसरा, "रात्री बाहेर किती वेळ होता?" भाताला वास येत होता का, हे त्यांनी विचारलेच नाही, आणि मी आपण होऊन "अजिबात वास नव्हता हो" असे सांगितले तेव्हा ते नुसते हसले. तपासणी वगैरे काही झाली नाही, त्यामुळे दोषी कोण हे शपथेवर सांगता येणार नाही. परंतु खाल्ल्यावर दोन-तीन तासांत नुसत्या उलट्या, ताप नाही आणि रात्रीपर्यंत माणूस उठून बसलेला, हे वर्णन बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूशी अगदी जुळते, असे त्यांनी सांगितले.

हा जिवाणू मातीत असतो आणि तांदळाबरोबर घरात येतो. त्याचे बीजाणू इतके चिवट असतात की भात शिजवताना ते मरत नाहीत, स्वस्थ पडून राहतात. भात कोमट झाला की त्यांना जाग येते, ते वाढू लागतात आणि वाढता वाढता भातात एक विष सोडतात. उलट्या होतात त्या या विषामुळे. आता यातली खरी मेख अशी की हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवले तरी टिकते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपला कुकर शिट्टीवर येतो तेव्हा आत साधारण तेवढेच तापमान असते. म्हणजे मी तो भात परतण्याऐवजी पुन्हा कुकरला लावून दहा शिट्ट्या केल्या असत्या, तरी जिवाणू मेले असते आणि विष मात्र ताटात तसेच आले असते. माणसाच्या हातावर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस हा दुसरा जिवाणूही याच जातकुळीचा आहे. हाताने कालवलेला दहीभात, हाताने मळलेले पुरण, बोटाला चीर असताना केलेली कोशिंबीर यांत तो उतरतो, आणि त्याचेही विष उकळण्याने जात नाही. "परत एक उकळी आणली की काळजी नाही" हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा म्हटले आहे की आता आठवले तरी कसेसे होते.

मग नाकाचे काय? नाक खोटे बोलत नाही, पण त्याला विचारला जाणारा प्रश्न चुकीचा असतो. अन्न नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू हे बहुतांशी वेगवेगळे असतात. वरणाला फेस आणणारे, भाजीला बुळबुळीतपणा आणणारे, आंबूस आणि कुबट वास सोडणारे जंतू फ्रीजच्या गारव्यातही हळूहळू आपले काम करत राहतात. ते चव घालवतात, पण दरवेळी माणसाला पाडतातच असे नाही. याउलट ज्यांच्यामुळे दवाखाना गाठावा लागतो, ते अन्नाचा रंग, वास, चव यांपैकी कशालाही धक्का न लावता वाढलेले असू शकतात. म्हणून वास आला तर अन्न टाकावे हे बरोबरच आहे, पण वास आला नाही म्हणून ते खावे, हे त्यातून निघत नाही. चमचाभर चाखून पाहण्याची तर आणखीच गंमत आहे, कारण त्या परीक्षेत परीक्षकच आधी नापास होण्याची शक्यता असते.

एकदा हे ध्यानात आल्यावर माझा प्रश्नच बदलला. सकाळी फ्रीजसमोर उभे राहून "हे चांगले आहे का" असे विचारण्यात अर्थ नसतो, कारण तो निकाल आदल्या रात्री ओट्यावर लागून गेलेला असतो. विचारायचे ते एवढेच की हा डबा किती वाजता ठेवला होता, आणि ठेवण्यापूर्वी तो पदार्थ बाहेर किती वेळ होता. अनुकूल उष्णतेत कित्येक जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेले असते, पण त्याचा हिशेब कोणी करून पाहत नाही. एकापासून सुरुवात केली तर एका तासात आठ, दोन तासांत चौसष्ट, चार तासांत ४,०९६, आणि आठ तासांत १ कोटी ६७ लाखांच्या वर. प्रत्यक्षात सुरुवात एकापासून होत नाही आणि वाढही इतकी सुरळीत नसते, तरी दोन तास आणि आठ तास यांत नुसता चौपटीचा फरक नाही, हे या आकड्यांवरून कळते. माझा भात आठ तासांपेक्षा जास्त वेळ ओट्यावर होता. त्यानंतर मी तो फ्रीजमध्ये ठेवला म्हणजे काय केले, तर चोर घरातले सगळे आवरून बसल्यावर दाराला कुलूप लावले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नासाठी पाच सूत्रे प्रसिद्ध केली. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा समजावा, आणि अन्न त्या पट्ट्याच्या खाली तरी ठेवावे किंवा वर तरी, असे त्यांत म्हटले आहे. ही दोन तासांची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. सोलापूरकरांच्या खरोखर उपयोगी पडेल ते अमेरिकेच्या कृषी खात्याचे पुरवणी वाक्य आहे: भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर दोन तास नव्हे, एकच तास. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखालचे स्वयंपाकघर रात्री दहालाही बत्तिसाच्या खाली येत नाही. त्यामुळे उन्हाळ्याचे ते दोन-तीन महिने आपल्यासाठी नियम एका तासाचाच आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या थंडीत, ओट्यावर रात्रभर राहिलेली आमटी सकाळी खाऊन काही झाले नाही, हा अनुभव आम्हा सगळ्यांना आहे, आणि तोच आम्हाला वैशाखात दगा देतो.

सासूबाईंचे म्हणणे येथे नोंदवले पाहिजे. "आमच्या वेळी फ्रीज कुठे होता? आमटी दोन्ही वेळेला उकळायचो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत खायचो," असे त्या म्हणतात, आणि ते खरेच आहे. मात्र त्या आमटीत चिंच भरपूर असे, ती दर काही तासांनी उकळली जात असल्यामुळे जिवाणूंना सलग वाढायला वेळ मिळत नसे, आणि मुख्य म्हणजे आमटी त्यापुढे उरतच नसे. केलेले दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवायचे हीच तेव्हाची खरी शिस्त होती. फ्रीज आल्यावर ती गेली आणि तिची जागा एका पांढऱ्या कपाटावरच्या आंधळ्या विश्वासाने घेतली.

गरम पदार्थ फ्रीजमध्ये ठेवला तर फ्रीज बिघडतो, या समजुतीने सर्वांत जास्त नुकसान केले आहे असे माझे मत आहे. उकळते पातेले सरळ आत सरकवू नये, हे मान्य, कारण त्याने शेजारचे पदार्थ कोमट होतात. परंतु पदार्थ पूर्ण गार होण्याची वाट पाहणे हीच खरी चूक असते; वाफ गेली, भांड्याला हात लावता येऊ लागला की ठेवून द्यावा. मोठे पातेले मधून गार व्हायला कित्येक तास घेते, म्हणून मी उरलेला भात लगेच परातीत पसरते, पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटे ठेवते आणि उथळ डब्यात भरते. डाळ-आमटी दोन-तीन लहान डब्यांत वाटून ठेवते. थंड पाण्याच्या परातीत पातेले ठेवण्याचा उपाय पुस्तकांत हमखास सापडतो, पण मे महिन्यात आमच्या टाकीतून येणारे पाणी चहाला ठेवावे इतके गरम असते आणि नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे तो उपाय मी पुस्तकवाल्यांनाच परत केला आहे. फ्रीजमधल्या बर्फाच्या दोन ट्रे परातीत रिकाम्या केल्या तर मात्र काम होते.

फ्रीज स्वतः किती गार आहे, हा प्रश्न आमच्या घरी कोणाला कधी पडलाच नव्हता. आतल्या चकतीवरचे १ ते ७ आकडे म्हणजे तापमान, असा माझा समज होता. ते तापमान नसून गारव्याचा जोर कमीजास्त करण्याचे आकडे आहेत. मी एक साधा थर्मामीटर आणला, पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवला, आणि सकाळी पाहते तो ९ अंश. हवे होते ५ किंवा त्याहून कमी. चकती फिरवली, मागच्या जाळीला टेकलेले डबे पुढे ओढले, आणि दाराच्या रबरात कागद अडकवून पाहिला तेव्हा तो खालच्या कोपऱ्यात सहज निघून आला. ते रबर बदलल्यावर पारा ४ वर आला. दाराचे कप्पे सर्वांत उबदार असतात, आणि मी तेथेच दुधाची पातेली ठेवत आले होते.

आता किती दिवस, या प्रश्नाकडे येऊ. वेळेत ठेवलेले शिजवलेले अन्न ५ अंशांच्या आत तीन ते चार दिवस चालते, असा सर्वसाधारण संकेत आहे. माझा घरचा नियम त्याहून कडक आहे: भाजी-आमटी दोन दिवस, भात फक्त दुसऱ्या दिवशीपर्यंत, आणि ओले खोबरे घातलेली चटणी त्याच दिवशी. लागेल तेवढेच बाहेर काढून गरम करायचे, रस्सा खळखळून उकळायचा, मायक्रोवेव्ह असेल तर मधे एकदा ढवळायचे, कारण तो कडेला तापवतो आणि मधला भाग थंड ठेवतो. गरम केलेले पुन्हा फ्रीजमध्ये जात नाही. गर्भवती स्त्री, तान्हे मूल किंवा वयस्कर माणूस घरात असेल तर मी यातही हात आखडता घेते. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या गारव्यातही वाढतो आणि तो नेमका याच मंडळींना जड जातो.

सगळेच बदल वाईट नसतात, हेही सांगायला हवे, नाहीतर माणूस धास्तीने अर्धा फ्रीज कचऱ्यात रिकामा करील. मळून ठेवलेली कणीक वरून काळपट होते ती हवा लागल्यामुळे, गव्हातल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) करणीने; तेवढ्याने ती वाईट ठरत नाही, आंबूस वास आला तर ठरते. इडलीचे पीठ आंबट होणे हे त्याचे कामच आहे. बुरशीचे मात्र तसे नाही. मऊ पदार्थावर एक हिरवा ठिपका दिसला तर तेवढा भाग कापून उरलेले खाऊ नये, कारण तिचे धागे दिसतात त्याहून बरेच खोल गेलेले असतात.

कोणता पदार्थ टिकतो आणि कोणता नाही, हे समजायला आपल्या सोलापूरइतकी चांगली शाळा नाही. कडक भाकरी कापडात बांधून महिनाभर राहते, शेंगाचटणी बरणीत कित्येक दिवस राहते, आणि दोघींनाही फ्रीज लागत नाही, कारण दोघींत जिवाणूंना वाढण्यापुरते पाणीच नसते. त्याच ज्वारीची मऊ भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजून पडली की उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच तिच्यावर बुरशी दिसते. चटणीतही ओला चमचा गेला की तिची सगळी पुण्याई संपते. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या माझ्या एका तेलुगू भाषक मैत्रिणीकडे प्रवासाला निघताना पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, बांधून नेतात. चिंचेच्या आंबटपणात जिवाणूंची वाढ मंदावते, म्हणून साध्या भातापेक्षा तो प्रवासात तग धरतो. तरी तीसुद्धा तो त्याच दिवशी संपवते. "चिंच आहे म्हणून आठवडाभर ठेवला तर आजी वर येऊन रागावेल," असे तिचे म्हणणे.

लग्नातून घरी येणारा मसालेभात ही सर्वांत अवघड परीक्षा. सकाळी नऊला मोठ्या पातेल्यात शिजलेला, दुपारी तीनपर्यंत मांडवात झाकून ठेवलेला आणि "घरी मुलांना घेऊन जा" म्हणत प्रेमाने पिशवीत बांधून दिलेला तो भात किती वाजता कोठे होता, याचा सगळा हिशेब आपल्याला माहीत असतो, पण नाही म्हणवत नाही. मोठ्या पातेल्यात मधोमध कित्येक तास कोमट राहणाऱ्या अन्नात क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा जिवाणू फोफावतो. जेवणावळीनंतर आठ-दहा तासांनी गावभर पोट बिघडल्याच्या बातम्यांत त्याचा हात अनेकदा असतो. मी आता पिशवी घेते, आभार मानते आणि घरी आल्यावर टाकते. येथे एक गोष्ट स्पष्टच लिहिते. आपण खाणार नाही असे अन्न कामाला येणाऱ्या मावशींना "नासलेलं नाही हो, घेऊन जा" म्हणून देण्याची रीत अनेक घरांत आहे, पूर्वी आमच्याही होती. अन्न हे पूर्णब्रह्म असल्यामुळे टाकवत नाही, हे मला समजते. पण मग त्या पापाची भीती आपल्याला आणि उलट्या दुसऱ्याला, अशी ती वाटणी होते. उरलेले द्यायचे असेल तर जेवण झाल्यावर लगेच, ताजे असताना द्यावे.

वीज गेली की पुन्हा नवे गणित. दार बंद ठेवले तर फ्रीज साधारण चार तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस. पाहुण्यांना पाणी द्यायला दर दहा मिनिटांनी दार उघडले तर हा हिशेब लागू नाही. गावाला जाताना मी फ्रीझरमध्ये पाण्याने भरलेली वाटी गोठवून तिच्यावर एक रुपयाचे नाणे ठेवते. परत आल्यावर नाणे वरच असेल तर ठीक; तळाशी जाऊन पुन्हा गोठलेले असेल तर मधल्या काळात सगळे वितळले होते, हे कोणाला न विचारता कळते.

बाकी माझी सगळी यंत्रणा म्हणजे फ्रीजवर दोऱ्याने बांधलेले एक बॉलपेन आणि कागदी चिकटपट्टी. प्रत्येक डब्यावर तुकडा लावायचा आणि त्यावर वार आणि वेळ लिहायची: "सोम. रात्री ९.४०, भात." सुरुवातीला सासूबाईंना हा प्रकार दुकानातल्यासारखा वाटला. मी पट्ट्या लावायची आणि सासूबाई झाकण धुताना त्या मुद्दाम काढून टाकायच्या, असे महिनाभर चालले. मग एका रात्री मी कामामुळे उशिरा आले, तर फ्रीजमध्ये आमटीच्या डब्यावर माझ्या आधीच पट्टी लागलेली. त्यांचे शिक्षण अक्कलकोट तालुक्यातल्या त्यांच्या गावी कन्नड शाळेत झाले आहे, त्यामुळे वेळ कन्नड अंकांत होती. आता निम्म्या डब्यांवर माझे अक्षर असते आणि निम्म्यांवर त्यांचे. बाकीचे आकडे मला ओळखू येऊ लागले आहेत, पण कन्नड सहा आणि नऊ अजून सारखेच दिसतात, आणि भाताच्या बाबतीत सहा की नऊ यात बराच फरक पडतो, म्हणून मी डबा हातात धरून आतल्या खोलीकडे वळते आणि विचारते, "आई, हा कितीला ठेवलात?"